सांगा, मी कुठं फसवलं?

४ जानेवारी

दादा,

खुशाली नंतर लिहिते, आधी काम. सोबतच्या कागदावर तीन गणितं आहेत. क्लासमधल्या एका मुलीला अडलीत असं समज. बाबांनी फळ्यावर सोडवली तशीच्या तशी उतरवून पाठवतेय. चुकलं असेल तिथं खूण कर आणि कागद परत पाठव. मला विचारून उपयोग नाही हे तुला माहीतच आहे. एवढी वर्षं क्लासच्या खोलीच्या भिंतीला भिंत लावून राहिले, पण बाबांची एक चूक मला कधी पकडता आली नाही.

हो, तो खेळ अजून चालू आहे. रोज शिकवताना एक चूक मुद्दाम करायची, आणि तास संपत आला की खडू ठेवून, हात झटकत विचारायचं, "सांगा, मी कुठं फसवलं?" प्रवेश परीक्षेचा पेपर काढणारा तुम्हाला फसवायलाच बसलेला असतो, त्याच्याशी लढण्याआधी माझ्याशी लढा, हे भाषणसुद्धा तेच. चूक पकडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बाबांच्या खुर्चीत बसायला मिळतं आणि बाबा स्टुलावर बसतात. तुझ्या वेळी ते बिचारे स्टुलावरच राहायला गेले होते.

यंदा चौघंच आहेत. बाबांनी आणखी घेतले नाहीत, मीही आग्रह केला नाही. त्यातल्या एका मुलीला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण ती 'नमस्कार सर' म्हटल्यावरसुद्धा मुद्दा मांडते. तिची आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. ड्युटी संपली की मुलीला न्यायला येते आणि आमच्या पायरीवर पाय चोळत बसते. मुलीला डॉक्टर व्हायचंय. त्यासाठी आधी अकरावीला चांगल्या निवासी कॉलेजात जागा मिळवायची, त्याची ही प्रवेश परीक्षा एप्रिलमध्ये आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी इकडचं तिकडचं बोलत राहते आणि मुद्द्याचं राहून जातं. शिवाय आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळ्या खोल्यांत ऐकू येतं.

बाबा बरे आहेत. त्यांनी तुझी चौकशी केली असं खोटं लिहीत नाही. केली नाही.

तुझी
बुटकी

२२ जानेवारी

दादा,

कागद मिळाला. पटापट खुणा केल्यास आणि शिवाय खाली लिहिलंस, 'म्हाताऱ्याला सांग, अजून मी आहे.' वाचून हसले आणि मग बराच वेळ तो कागद हातात घेऊन बसले. बाबांना काही सांगितलं नाही. सांगायचं ठरलंच कुठं होतं.

तू लिहिलंस की पहिल्या दोन चुका बाबांच्या नेहमीच्या आहेत. किंमत वीस टक्के वाढवून वीस टक्के उतरवली की मूळ किमतीवर येते असं भासवायचं, जाता-येतानाच्या वेगांची नुसती सरासरी काढायची. 'तिसरी मात्र बाबांना न शोभणारी, सतरा सक एकशे बारा, हे काय पोरकट?' असंही लिहिलंस. मला कसं कळणार त्यांना काय शोभतं. मी चष्म्याच्या दुकानातली बाई. लोकांना फ्रेम काय शोभते तेवढं सांगू शकते.

त्यावरून आठवलं. मागच्या आठवड्यात बाबा दुकानात आले होते. म्हणे नंबर वाढलाय, फळ्यावरचं नीट दिसत नाही, काहीतरी भलतंच लिहिलं जातं. मी त्यांना खुर्चीत बसवून डोळे तपासले. शेवटची ओळ, जी आमच्या मालकांनाही वाचता येत नाही, ती त्यांनी घडाघडा वाचली. नंबर जिथल्या तिथे. मी तसं सांगितल्यावर म्हणाले, "मग तुझं मशीन बिघडलंय." मी म्हटलं, असेल बिघडलं, जुनंच आहे. मालक बाजूलाच उभे होते. मशीन गेल्याच महिन्यात आणलंय. पण त्यांनीही मान डोलावली.

चष्म्याला नवीन काचा बसवून दिल्या, त्याच नंबरच्या. बाबा खूश आहेत.

आणखी एक गणित पाठवतेय. पाण्याची टाकी आहे, दोन नळ आहेत. तुला करमणूक होईल.

बुटकी

९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत वाचलं, जिथं आम्ही काचा घासतो. तिथं मशीनचा आवाज असतो, त्यामुळे रडलं तरी चालतं.

तू लिहिलंस, 'ही चूक बाबांची नाही. बाबांच्या चुकीला कारण असतं. हुशार पोरगं जिथं घसरेल तिथंच ते घसरतात. टाकी भरायला लागणारा वेळ किलोमीटरमध्ये कोणी मुद्दाम काढत नाही. बुटके, काय चाललंय तिकडे?'

तर हे चाललंय.

दिवाळं निघाल्यासारखा बाबांचा एकेक आकडा जातोय. आधी पाढे अडायला लागले. मग मधेच गणित बदलायचं, नळ सुरू करायचे आणि आगगाडी पोहोचवायची. त्या टाकीच्या दिवशी पोरांनी विचारलं होतं, सर, टाकी निघाली कुठं? चौघंही खो खो हसले. बाबाही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मलाही वाटलं की आज गंमत जमली. दादा, मी हसले रे. कुठल्या दुसऱ्या मास्तरचं असं झालं असतं तर पहिल्याच आठवड्यात बोभाटा झाला असता. आमच्याकडे मास्तर जितके चुकले तितकी पोरं खूश. 'आज सरांनी तीन टाकल्या, आज पाच टाकल्या.' एका मुलाचे वडील तर मला रस्त्यात थांबवून म्हणाले, यंदा सर अगदी रंगात आलेत.

मला कळलं ते वकीलबाईमुळे. एका संध्याकाळी ती आईची वाट बघत जिन्यात उभी होती, मी दिवा लावायला गेले. नेहमी तोंडाचा पट्टा चालू असणारी मुलगी गप्प होती. मी विचारलं, आज खटला हरलीस का. ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ताई, सर खेळत नाहीयेत."

मी म्हटलं, म्हणजे?

"ते शेवटी विचारतात ना, मी कुठं फसवलं म्हणून. पूर्वी विचारताना ते आमच्याकडे बघायचे. आता फळ्याकडे बघतात. त्यांना खरंच माहीत नसतं."

दुसऱ्या दिवशी मी पडद्याआडून पाहिलं. तसंच होतं. बाबांनी खडू ठेवला, प्रश्न विचारला, आणि स्वतःच फळा वरपासून खालपर्यंत शोधत राहिले. वकीलबाईने हळूच एकच चूक दाखवली. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि शाबासकी दिली. खाली आणखी दोन होत्या म्हणे, तिने त्या घरी जाऊन आपल्या आपण सुधारल्या.

ते आपल्या खेळाच्या आड लपलेत दादा. आणि मी त्यांना लपू देतेय. क्लास काढून घेतला तर त्यांच्याकडे राहतं काय? चालू ठेवला तर या चार पोरांच्या वर्षाचं काय? त्या बाईला मी काय सांगू, जी रोज पायरीवर बसून मला विचारते, होईल ना हिचं?

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. बाबा म्हणाले, परीक्षा घ्यायची तर आधी अभ्यासक्रम सांगायला हवा होता. बाई हसल्या. बाबांनी वजाबाकी काही केली नाही. नंतर बाईंनी मला एकटीला बोलावून सांगितलं की हे आता मागे फिरणार नाही, पुढं किती वेगानं जाईल तेवढं मात्र कोणी सांगू शकत नाही.

तू ये. गणितात बाबांनी आयुष्यात फक्त तुझं ऐकलंय. थांबा म्हणून सांगायचं तर तूच सांगू शकतोस. माझ्याकडून ऐकलं तर म्हणतील, हिला सतरा सक किती ते तरी येतं का.

बुटकी

२६ फेब्रुवारी

दादा,

एक ओळ. एवढं सगळं लिहिल्यावर तुझी एक ओळ. 'बाबांनी बोलावलं तर येईन.'

तू कॉलेज सोडून सुतारकाम शिकायला निघालास त्या दिवशी बाबा दारात उभे राहून म्हणाले होते, मी बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही. माणूस रागाच्या भरात म्हणतो तसं ते म्हणाले होते. आणि तू ते एखाद्या सरकारी हुकमासारखं आजपर्यंत पाळलंस. त्यांनी बोलावलं नाही, तू आला नाहीस. दोघांच्याही नाकावर तोच राग, आणि मधल्या मधे मी. आई असती तर तुम्हा दोघांना कान धरून एका ताटावर बसवलं असतं. मला तेवढी उंची नाही, नाव ठेवलंस तेव्हाच तुला कळलं होतं.

बरं, मी विचारून पाहिलं. जेवताना म्हटलं, बाबा, दादाला बोलवूया का चार दिवस? त्यांनी घास तसाच ठेवला आणि उठून गेले. म्हणजे राग अजून जागच्या जागी आहे. बाकी काय काय गेलं, पण तेवढा शाबूत राहिलाय.

तेव्हा येऊ नकोस. पण एक कर. वकीलबाईला फोनवर शिकव. काम संपल्यावर, रोज थोडा वेळ. बाकीच्या तिघांना मी दुसऱ्या मास्तरांचं नाव सुचवलं, बाबांना पत्ता न लागू देता ते तिकडेही जातात. ही जायला तयार नाही. म्हणते, सरांना कळलं तर? मी सांगितलं की सरांचाच एक जुना विद्यार्थी आहे, त्यांच्याच पद्धतीनं शिकवतो. यात खोटं काहीच नाही.

नाही म्हणू नकोस. रागावले असले तरी विनवतेय.

बुटकी

२० मार्च

दादा,

रोज फोनवर तुझा आवाज ऐकते, पण तू माझ्याशी बोलत नसतोस, म्हणून हे पत्र.

वकीलबाई तुझ्यावर बेहद्द खूश आहे. म्हणते, या सरांच्या मागे करवतीचा आवाज येतो तेव्हा ते 'एक मिनिट' म्हणतात, आणि त्या एका मिनिटात मला उत्तर सुचतं. तिला तू कोण ते मी सांगितलेलं नाही. तिनं ओळखलंय की काय कोण जाणे, परवा तुझ्या जुन्या कपाटाकडे बघून म्हणाली, हे कोणाचं होतं?

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती बसते, फोन डब्याला टेकवलेला. मागच्या आठवड्यात बाबा पाणी प्यायला आले आणि दारातच थांबले. तू संभाव्यता शिकवत होतास. बाबा बराच वेळ ऐकत उभे राहिले, मग पाणी न पिताच परत गेले. रात्री जेवताना म्हणाले, "तो पोरगा कोण आहे ते मला माहीत नाही. चांगला शिकवतो. पण घाई करतो. तिला विचार करू दे म्हणावं." मी हो म्हटलं. आता तू जरा थांबत जा. निरोप कोणाचा ते विचारू नकोस.

आता मुख्य गोष्ट. क्लास बंद झाला. तुला यावं लागलं नाही, मलाही काही बोलावं लागलं नाही.

झालं असं, की बाकीच्या तिघांनाही हळूहळू कळलं होतं. पोरांना सगळं कळतं. आधी त्यांचं हसणं थांबलं. मग एकेकाने चुका दाखवणं थांबवलं. सरांना वाईट वाटेल म्हणून. काल बाबांनी गणित संपवलं, खडू ठेवला, हात झटकले आणि विचारलं, सांगा, मी कुठं फसवलं? कोणीच बोललं नाही. बाबांनी पुन्हा विचारलं. एक मुलगा म्हणाला, आज सगळं बरोबर आहे सर. दुसरा म्हणाला, हो सर, बरोबर आहे. वकीलबाई खाली मान घालून बसली.

बाबा फळ्याकडे वळले, पाहत राहिले. मग सगळा फळा स्वतः पुसला. म्हणाले, तुमची तयारी झाली, आता माझं काम नाही. चौघांना दारापर्यंत सोडायला गेले. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना नावं आठवत नव्हती, म्हणून सगळ्यांना बाळा म्हणाले. वकीलबाईची आई पायरीवर होती, तिला म्हणाले, पोरगी नाव काढेल. ती बाई बिचारी काही न कळता खूश होऊन गेली.

आत आले आणि स्टुलावर बसले. मी शेजारी जाऊन बसले. म्हणाले,

"आज मला कोणी पकडलं नाही गं. इतकी वर्षं पोरं माझ्यावर तुटून पडायची. आज त्यांना माझी दया आली."

मी म्हटलं, तसं नाही बाबा. म्हणाले, "तुझं मशीनसुद्धा बिघडलेलं नव्हतं." मग आम्ही दोघंही रडलो. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी त्यांना एवढं रडताना आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

त्यांनी शहाण्यासारखं केलं, पोरांचं वर्ष वाचवलं, हे सगळं मला कळतं. तरी सांगते दादा, त्या चौघांपैकी एकाने जरी उठून म्हटलं असतं की सर, तिसऱ्या ओळीत चुकलात, तरी मला बरं वाटलं असतं.

बुटकी

२ जून

दादा,

वकीलबाईला प्रवेश मिळाला. तिनं तुला फोन केलाच असेल. तिची आई दोन्ही हातांनी तोंड झाकून आमच्या पायरीवर बसली होती, उठायलाच तयार नाही. मुलगी बाबांच्या पाया पडायला आत गेली. बाबांनी तिला विचारलं, कितवीत आहेस? ती म्हणाली, अजून शिकतेच आहे सर. बाहेर आल्यावर मात्र जिन्यात रडली. हिला खरंच डॉक्टर होऊ दे, एवढं सांभाळून बोलणारे डॉक्टर मला तरी फारसे भेटले नाहीत.

क्लास बंद झाल्यापासून बाबांची उतरण जोरात सुरू झाली. दिवसभर खिडकीशी बसतात. मी दुकानात असते तेव्हा शेजारच्या आजी येऊन बसतात. मला ओळखतात, पण कधी कधी आईच्या नावाने हाक मारतात. पहिल्यांदा मी दुरुस्त केलं. आता ओ देते.

आणि काल जे झालं त्यासाठी हे पत्र लिहायला बसले. दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा लिहितेय.

काल संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा बाबा धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून जिन्याच्या तोंडाशी उभे होते. मला म्हणाले, हा अजून कसा खाली आला नाही? मी विचारलं, कोण? त्यांनी उत्तर दिलं नाही. मान वर करून हाक मारली. बाळ्या म्हणून. तू दहावीत गेल्यावर तुला ती हाक आवडेनाशी झाली होती, आठवतंय? तीच हाक. "बाळ्या, खाली ये. वेळ झाली."

वरच्या खोलीत आता माझे वाळत घातलेले कपडे असतात. कोण येणार होतं?

त्यांनी पुन्हा हाक मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, झोपलाय वाटतं. झोपू दे थोडा वेळ, बिचारा फार मेहनत करतो. आवाजात राग कुठं नव्हता दादा. कौतुक होतं, तुझ्या पाठीमागे ते लोकांजवळ करायचे तसलं. मी त्यांना हळूच विचारलं, बाबा, तुम्ही त्याच्यावर रागावला होतात ना? ते माझ्याकडे असे बघत राहिले की विचारल्याची मलाच लाज वाटली. म्हणाले, "त्याच्यावर? त्यानं काय केलंय?"

तू म्हणाला होतास, बाबांनी बोलावलं तर येईन. त्यांनी बोलावलं. दोनदा, मोठ्याने, शेजारच्या आजींनीही ऐकलं. पण ज्याला बोलावलं तो शाळेतला मुलगा आहे. त्याची परीक्षा अजून व्हायचीय, तो कॉलेजात गेलेला नाही, त्यानं ते सोडलेलं नाही, आणि त्याला कोणी घराबाहेर काढलेलं नाही. याला बोलावणं म्हणायचं की नाही ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

तू कशाची वाट बघतोयस ते मी ओळखते. ते कधीतरी म्हणतील, चुकलं माझं. किंवा निदान म्हणतील, जा, तुला माफ केलं. यातलं काहीच आता होणार नाही. ते कोणाला माफ करणार, त्यांना अपराधच आठवत नाही. तुमचं भांडण होतं ते आता तुझ्या एकट्याकडे उरलंय. ते सोबत घेऊन येणार असशील तर तिकडेच राहा, इथं त्याचं ऐकून घ्यायला कोणी नाही.

पण यायचं असेल तर लवकर ये. काल ती हाक होती, पुढच्या महिन्यात असेल की नाही याची खात्री डॉक्टरीणबाईंनाही नाही. सामान आणू नकोस, काही समजावून सांगू नकोस. सुतारकाम, लाकूड, तुझे हात कसे झालेत, काही नको. संध्याकाळी ये, क्लासच्या वेळेला. आणि त्यांनी उशीर का केलास म्हणून विचारलं, तर वाद घालू नकोस. झोप लागली होती म्हण.

बुटकी